न्हावी असल्याचा दाखला

मी न्हावी आहे हे कागदावर यायला २०२० साली मला एकोणीस दिवस लागले. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत आजोबांपासून दुकान आहे. तीन पिढ्यांनी याच गल्लीची डोकी भादरली, तरी घरातल्या एकाही कागदावर धंदा म्हणून ते लिहिलेलं नव्हतं. आधार कार्डावर धंदा नसतो. रेशन कार्डावर कन्नडमध्ये 'कूली' लिहिलेलं. दुकानाचं लायसन चुलत्यांच्या नावावर, आणि चुलते वारून सहा वर्षं झालेली. मी न्हावी आहे हे पिग्मीचे, म्हणजे रोजच्या बचतीचे, पन्नास रुपये न्यायला येणाऱ्या एजंटाला माहीत होतं, गिऱ्हाइकांना माहीत होतं. सरकारला माहीत असायचं काही कारणच कधी पडलं नव्हतं.

२२ मार्चला जनता कर्फ्यू म्हणून शटर ओढलं. रविवार होता, आणि रविवार म्हणजे आमचा निम्म्या आठवड्याचा गल्ला. वाटलं, एक रविवार गेला. बुधवारी पाडवा होता, आदल्या दिवशी गर्दी होईल म्हणून मी ब्लेडची दोन पाकिटं जास्तीची आणून ठेवली होती. ती पाकिटं मे महिन्यापर्यंत तशीच राहिली. पाडव्याच्या दिवशीच देश बंद झाला. वडगाव म्हणजे विणकरांची वस्ती. मागाचा खडखडाट आमच्या कानाला इतका बसलेला की तो थांबल्यावर पहिल्या रात्री बायको दोनदा उठली. म्हणाली, "काय झालंय बघा की, कायतरी बंद पडलंय." सगळंच बंद पडलं होतं.

पहिले पैसे आले ते बायकोच्या जनधन खात्यावर. केंद्रानं बायकांच्या जनधन खात्यात एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने पाचशे-पाचशे रुपये टाकले. बँकेत गर्दी नको म्हणून खाते नंबरच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरवून दिले होते: शून्य आणि एक ३ एप्रिलला, दोन-तीन दुसऱ्या दिवशी, असं करत आठ-नऊ ९ एप्रिलला. तिचा शेवटचा आकडा सात. आठ तारखेला तोंडाला ओढणी बांधून ती गेली आणि पाचशेची एक कोरी नोट घेऊन आली. त्या पाचशेसाठी कुणी अर्ज मागितला नाही, झेरॉक्स मागितली नाही. रेशनचंही तसंच, माणशी पाच किलो जादा धान्य कार्डावर आलं.

हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढं जे झालं ते याच्या बरोबर उलट. यादी आधीपासून होती म्हणून पैसे आठ-दहा दिवसांत आले. आता ती यादी तरी कशी? शेजारी एका नोकरदाराच्या बायकोचं कधीकाळी काढलेलं जनधन खातं होतं, तिला पाचशे आले. आणि मागासाठी कांड्या भरून, म्हणजे सूत गुंडाळून, पोट भरणाऱ्या विधवा मावशींचं खातं साधं बचतीचं, त्यांना नाही. मावशी मला विचारायच्या, "तुझ्या बायकोला आले, मला का नाही रे? मी काय श्रीमंत हाय व्हय?" याला काय उत्तर देणार? यादी होती, पण ती गरिबांची नव्हती, खात्यांची होती.

दरम्यान मी पिग्मी मोडली. चौदा महिन्यांची भर होती, त्यातून दुकानाचं भाडं आणि आईची औषधं भागली. काही गिऱ्हाइकं फोन करायची, "घरात येऊन जा की, मागच्या दारानं ये." सुरुवातीला दोघांकडे गेलो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वेळी येताना नाक्यावर पोलिसानं पिशवी उघडायला लावली. आत कात्री, वस्तरा, फवाऱ्याची बाटली. त्यानं काठी उगारली, मारली नाही. त्यानंतर मी कुठं गेलो नाही.

६ मे २०२० ला मुख्यमंत्री येडियुरप्पांनी १६१० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात आमचं नाव होतं! न्हावी आणि परीट यांना एकरकमी पाच हजार, रिक्षा-टॅक्सीवाल्यांना पाच हजार. आकडेही दिले होते: २ लाख ३० हजार न्हावी, ६० हजार परीट, पावणेआठ लाख चालक. बातमी मोबाइलवर फिरत आली तेव्हा आई म्हणाली, "आपली मोजणी कधी केली यांनी?" मला तेव्हा ते गमतीचं वाटलं. नंतर कळलं की मुद्दा तोच होता. आकडा होता, नावं नव्हती. नावं आम्हीच द्यायची होती.

नावं द्यायची सेवा सिंधूवर. सेवा सिंधू म्हणजे कर्नाटक सरकारचं अर्जांचं पोर्टल. मोबाइलवर उघडलं तर सगळं कन्नड. मी मराठी शाळेत शिकलो. कन्नड बोलतो फर्डं, गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलतो, पण वाचताना बोट ठेवून वाचावं लागतं आणि सरकारी कन्नड तर बोट ठेवूनही कळत नाही. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिनं वाचलं, "क्षौरिक". मी म्हटलं, थांब, हे आपल्यातलंच आहे. आजोबा हजामतीला 'क्षौर' म्हणायचे. सरकारी भाषेचं एवढं एक बरं, संस्कृत असली की सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच कळते, किंवा सारखीच कळत नाही.

आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक इथवर ठीक होतं. मग आला धंद्याचा दाखला. तुम्ही हाच व्यवसाय करता असं अधिकाऱ्यानं सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं. कुठल्या अधिकाऱ्यानं? यावर आमच्या गल्लीत चार मतं होती. मी चारही कचेऱ्या पालथ्या घातल्या. पहिल्या ठिकाणी सांगितलं, इथं नाही, तिकडं जा. दुसरीकडं साहेब कंटेन्मेंट झोनच्या ड्युटीवर. तिसरीकडं, "नाळे बर्री." उद्या या. उद्या गेलो की "सर्वर इल्ल री." सर्व्हर नाही हे उत्तर हाताने सही करायच्या कागदालाही मिळू शकतं, हे मला तेव्हा नवीन होतं.

चौथ्या ठिकाणी मात्र एक कारकून भेटले. टेबलासमोर दोरी बांधलेली, दोरीच्या अलीकडं आम्ही. माझ्या आधी दोन परीट होते, त्यांना परत पाठवलेलं. कारकुनांनी चुलत्यांचं लायसन उलटं-सुलटं पाहिलं. "हे तुमच्या नावावर नाही."

"चुलते वारले, सर. दुकान मीच चालवतो."

"कशावरून?"

मी बोलायचं विसरलो, कारण माझं लक्ष त्यांच्या डोक्याकडं होतं. उजव्या कानावर केस एका सरळ रेषेत कापलेले, डाव्या कानावर पायऱ्या पडलेल्या, आणि मागं मानेवर टाळूपर्यंत चढलेला एक पांढरा पट्टा. मशीन हातातून निसटलं की असा पट्टा पडतो. शिकाऊ पोराकडून पडला तर मी त्याला दोन दिवस नुसती झाडलोट करायला लावतो. त्यांनी माझी नजर पाहिली. हात आपोआप मानेवर गेला.

"मनेयाग माड्याळ," ते म्हणाले. घरात बायकोनं केलंय. मग थोडं थांबून, "नीट होईल काय?"

मी म्हटलं, "मागनं सगळं बारीक करावं लागेल, सर. आठ दिवसांनी सारखं दिसेल. आता हात लावू नका, अजून बिघडेल."

त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. कागद आत नेला आणि दहा मिनिटांनी हिरव्या शाईची सही घेऊन बाहेर आले. आजही वाटतं की त्या दिवशी बाईंचा हात थोडा सफाईचा असता तर मला आणखी आठवडा लागला असता. पण माझ्या आधीच्या त्या दोघा परटांचं काय? अधिकाऱ्याचा शर्ट चुरगळलेला असता तर त्यांनाही मिळाला असता का दाखला? हसण्यासारखं आहे, पण त्यांचे पाच हजार होते.

अर्ज भरताना शेवटची अडचण नावाची. आमच्या आडनावाच्या शेवटी 'वंशी' येतं. आधारवर इंग्रजीत ते डब्ल्यू आणि एननं लिहिलंय, कारण आधार केंद्रावरचा पोरगा मराठी होता. रेशन कार्डाची नोंद कन्नडमधून इंग्रजीत गेली, तिथं व्ही आणि एम. कन्नड माणूस 'वम्शी' लिहितो, त्यात त्याची चूक नाही. पासबुकात तिसरंच काहीतरी. सीमाभागात एका माणसाची अशी तीन-तीन नावं असतात. घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही, कॉम्प्युटर मात्र तिघांना तीन माणसं समजतो. मुलीनं आधारप्रमाणे भरलं आणि अर्ज गेला.

१९ मे रोजी राज्यात सलून उघडायला परवानगी मिळाली. म्हणजे दाखल्यासाठी मी फिरत होतो तेव्हाच शटरही वर गेलं. लोकांना वाटतं, दुकान उघडलं म्हणजे सुटलं. गिऱ्हाईक यायला तयार नव्हतं. टॉवेल घरून घेऊन यायचे. दाढीला कुणी बसेना, मास्क काढावा लागतो म्हणून. दाढी गेली की न्हाव्याचा निम्मा धंदा गेला. कटिंगला साठ रुपये घेत होतो, त्यातले दहा-बारा सॅनिटायझर आणि कागदी एप्रनमध्ये जायचे.

जुलैत अर्जाची स्थिती पाहिली तर मंजूर, रक्कम पाठवली. पासबुक भरून आणलं, त्यात काही नाही. चार दिवसांनी पुन्हा भरलं, तेच. आमची बँक त्याच वर्षी १ एप्रिलला दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली होती (त्या दिवशी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या), तेव्हा मी सगळा राग त्या विलीनीकरणावर काढला. काउंटरवरची बाई बिचारी म्हणाली, "काका, आमच्याकडं आलेच नाहीत तर मी कुठनं देऊ?"

उलगडा केला आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दर पंधरवड्याला डोक्याला तेल लावून घ्यायला येतात. खुर्चीत बसूनच त्यांनी मला मोबाइल काढायला लावला आणि नंबर सांगितला: *९९*९९*१#. त्यात आधार नंबर घातला. पडद्यावर एका बँकेचं नाव आलं, जिचं पासबुक माझ्याकडं नव्हतं, जिच्या दारात मी दोन वर्षं गेलो नव्हतो. २०१८ मध्ये मुद्रा कर्ज मिळेल म्हणून कुणीतरी कॅम्प लावला होता, तिथं खातं उघडलं होतं. कर्ज काही मिळालं नाही, खातं विसरलो.

त्यांनी जे समजावलं ते मी तेव्हापासून शंभर जणांना सांगितलं असेल. सरकार आधारवर पैसे पाठवतं तेव्हा तुम्ही अर्जात कुठला खाते नंबर लिहिला हे बघत नाही. आधार शेवटचा ज्या बँकेशी जोडला असेल तिकडं पैसे जातात. चार बँकांत खाती असोत, आधारची वाट एकाच बँकेला जाते, आणि ती वाट मागच्या वेळी कोण बदलून गेलं हे तुम्हाला कुणी सांगत नाही. कॅम्पवाल्या पोरानं अंगठा घेतला तेव्हाच माझी वाट बदलली होती.

त्या शाखेत गेलो. पैसे आले होते, पण ५००० नाही, ३९३८. किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड, तिमाहीला दीडशे आणि वर जीएसटी, म्हणजे १७७ रुपये. सहा तिमाह्यांचा साठून बसला होता, पैसे पडताक्षणी १०६२ कापून घेतले. मी गप्प परत आलो. राग यायलाही अंगात जोर लागतो. पुन्हा ते निवृत्त गृहस्थच मदतीला आले. म्हणाले, रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगितलंय की नुसत्या या दंडापायी बचत खातं उणे जाऊ द्यायचं नाही. खात्यात शून्य होतं तर वसूल कशातून करणार? त्यांनी कागदावर इंग्रजीत आठ ओळी लिहून दिल्या. मी सही करून शाखेत दिल्या आणि पोच घेतली. सतरा दिवसांनी १०६२ परत आले. आठ ओळींचा कागद आणि पोच! हे ज्याला माहीत नाही त्याचे हजार रुपये गेले ते गेले.

तेवढ्यात कर्जाचंही एक प्रकरण झालं. दोन खुर्च्या आणि इन्व्हर्टरसाठी घेतलेल्या कर्जाचे ऐंशी हजार राहिले होते, बारा टक्क्यांनी. रिझर्व्ह बँकेनं हप्ते थांबवायची सवलत दिली, आधी तीन महिने, मग ३१ ऑगस्टपर्यंत. आमच्या सगळ्या गल्लीला ती माफी वाटली. मी सहाही महिने हप्ता भरला नाही. व्याज चालूच होतं, महिन्याला आठशे. मग प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, पेपरात रोज बातम्या, आणि नोव्हेंबरमध्ये केंद्रानं व्याजावरचं व्याज परत केलं. माझ्या खात्यावर किती आले असतील? एकशे बावीस रुपये. चार हजार आठशे व्याज मी भरायचंच होतं, त्यावर चढलेलं व्याज तेवढं सरकारनं सोसलं. हिशोब बरोबर होता, मी त्या निवृत्त गृहस्थांकडून तपासून घेतला. पण त्यावेळी कुणी साध्या मराठीत, साध्या कन्नडमध्ये सांगितलं असतं की ही माफी नव्हे, उधारीवर उधारी आहे, तर मी निदान जूनपासून अर्धा हप्ता तरी भरला असता.

२०२१. १७ एप्रिलला आमच्याकडं लोकसभेची पोटनिवडणूक झाली, प्रचाराला गर्दीच गर्दी, आणि दहा दिवसांत सगळं परत बंद. ही दुसरी लाट पहिलीसारखी नव्हती. पहिल्या वर्षी भीती होती, दुसऱ्या वर्षी माणसं गेली. जूनच्या मध्यावर बऱ्याच जिल्ह्यांना सूट मिळाली तेव्हाही न सुटलेल्या अकरा जिल्ह्यांत बेळगाव होतं.

१९ मे २०२१ ला नवं पॅकेज आलं. या वेळी न्हाव्याला दोन हजार. रिक्षावाल्यांना आणि बांधकाम मजुरांना तीन, शिंपी, कुंभार, हमाल, मेकॅनिक, घरकाम करणाऱ्या बायका यांना आमच्यासारखेच दोन. मला रकमेचं तितकं वाटलं नाही. मला वाटलं, गेल्या वर्षीचा अर्ज आहेच, नंबर आहे, दाखला आहे, मंजुरी आहे. एक बटण दाबलं की झालं. मुलीनं पोर्टल उघडलं. गेल्या वर्षीचा अर्ज क्रमांक घालायला जागाच नव्हती. पुन्हा नवा अर्ज, पुन्हा धंद्याचा दाखला. मी वर्षभरात न्हाव्याचा दुसरं काहीतरी झालो असेन अशी शंका असावी.

एक झालं, या वेळी मी तयार होतो. माझं काम चार दिवसांत झालं, आणि मग आमच्या दुकानाच्या कट्ट्यावर, शटर बंदच, मी आणि मुलगी बसलो. ओळखीचे न्हावी, शिंपी, एक कल्हईवाला, मांडवाचं काम करणारे. आधी *९९*९९*१#, मग नावाचं स्पेलिंग, मग अर्ज. पहिल्या अकरा जणांत पाच जणांची आधारची वाट भलत्याच बँकेकडं निघाली. एकाचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला होता तो त्याच्या मेव्हण्याचा, आणि मेव्हण्याशी पाच वर्षं बोलणं बंद. ओटीपीसाठी दोघांना समोरासमोर बसवावं लागलं. बोलले नाहीत. मेव्हण्यानं मोबाइल मधल्या स्टुलावर ठेवला, ह्यानं आकडे वाचले.

विणकरांचं आणखी वेगळं. जूनमध्ये यंत्रमाग कामगारांना माणशी तीन हजार जाहीर झाले. पण कामगाराचं नाव मागवाल्या मालकाच्या कागदावरून जाणार. ज्यांचा एकच माग, घरातच, मालकही तोच आणि कामगारही तोच, आणि नोंदणी कधी केलेली नाही, ते माझ्याकडं येऊन बसायचे आणि माझ्याकडं उत्तर नसायचं. कांड्या भरणाऱ्या मावशी तर कुठल्याच यादीत नव्हत्या. कांड्या भरणं हा धंदा कुठल्या फॉर्ममध्ये कसा लिहायचा?

माझी धाकटी बहीण शिनोळीत दिली आहे. शिनोळी म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. आमच्या घरापासून पंधरा-वीस किलोमीटर, मध्ये बाची आणि राज्याची हद्द. एरवी हद्द कधी आली कळत नाही, एसटीच्या पाट्या बदलतात तेवढंच. त्या दोन वर्षांत तिथं पोलिसांचा अडथळा बसला आणि आईला लेकीकडं जायला पास लागायला लागला. दाजींचंही तिकडं सलूनच. महाराष्ट्राच्या पॅकेजमध्ये त्या एप्रिलला परवानाधारक रिक्षावाल्यांना दीड हजार होते, फेरीवाल्यांना होते, बांधकाम कामगारांना होते, न्हाव्यांचं नाव नव्हतं. दाजी फोनवर म्हणाले, "तुमचं बरं हाय की, तुम्हाला मोजलं तरी." आता काय बोलायचं? १९५६ पासून आमच्या घरात महाराष्ट्रात जायचं स्वप्न आहे, आजोबा त्यापायी तुरुंगात राहून आलेत, आणि महाराष्ट्रातला न्हावी मला म्हणतोय तुमचं बरं. मी एवढंच म्हटलं, "दाजी, या वर्षी दोनच हजार हाईत." ते म्हणाले, "दोन तर दोन, हाईत की."

मावशींची सून मे महिन्यात गेली. सदतीस वर्षांची. बीपीएल कुटुंबातलं कमावतं माणूस गेलं तर राज्य एक लाख देणार असं जूनमध्ये जाहीर झालं, आणि पुढं सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पन्नास हजार वेगळे. तो अर्ज मी भरला नाही, नुसता बरोबर गेलो. तिचा पी नंबर, म्हणजे कर्नाटकात प्रत्येक कोरोना पेशंटला दिलेला क्रमांक, कुठल्या कागदावर होता ते शोधायला दोन दिवस गेले. ती घरीच वारली होती, दवाखान्यात नाही, म्हणून आधी नाही म्हणाले. मग कुणीतरी नियम काढला की चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांत कुठंही मृत्यू झाला तरी तो धरायचा. पैसे मिळाले, पुढच्या वर्षी. नातवाच्या नावावर ठेवलेत.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचं ई-श्रम सुरू झालं. असंघटित कामगारांची देशभराची यादी, त्यात धंदा लिहायला रकाना आहे. कार्डावर अपघाताचा दोन लाखांचा विमा म्हणून लोक आले, मी रकान्यासाठी गेलो. माझ्या कार्डावर आता न्हावी लिहिलंय. हे काम मार्च २०२० च्या आधी झालं असतं तर? मला कुणी शहाणा म्हणू नये, पण दुष्काळाच्या वर्षी विहीर खणायला घेणाऱ्याला आपल्याकडं काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

२०२३ ला कर्नाटकात गृहलक्ष्मी आली, घरच्या बाईला महिन्याला दोन हजार. त्याच सुमारास रेशनच्या अन्नभाग्य योजनेतल्या जादा तांदळाऐवजी माणशी १७० रुपये खात्यावर यायला लागले. गावात पुन्हा तीच धावपळ, आधार कुठं जोडलंय, नाव कसं आहे. आमच्या घरी बायकोचं सगळं आधीच नीट करून ठेवलेलं. तिनं नोंदणी केली आणि पैसे आले, मला कळलंही तिनं सांगितल्यावर. तीन वर्षांपूर्वीच्या त्या १०६२ रुपयांनी एवढं शिकवलं म्हणायचं.

तेव्हापासून दुकानात आरशाच्या मागं एक दोनशे पानी वही आहे. वडगाव, शहापूर, अनगोळ या भागातल्या न्हाव्यांची नावं त्यात लिहितो. आधार नंबर लिहीत नाही, ते जोखमीचं. नाव, तीन कागदांवरची तीन स्पेलिंगं, आधारची वाट कुठल्या बँकेला, ती शेवटची कधी तपासली. त्रेचाळीस नावं झालीत. काही जण हसतात, "काय, जनगणना चालू झाली काय?" म्हणून. हसू देत.

त्रेचाळिसावं नाव माझ्याच दुकानातल्या पोराचं आहे. बावीस वर्षांचा, उत्तर प्रदेशातून आलेला, हात सोन्यासारखा. परवा रिकामा बसला होता म्हणून त्याला आधार घालायला लावलं. बँकेचं नाव आलं. मी विचारलं, पासबुक कुठाय? म्हणाला, गाव में, अम्मी के पास. रेशन कार्ड? तेही अम्मीकडं. आधारवर पत्ता गावचा, मोबाइल नंबर जुना, तो सिम हरवलेला. वहीत त्याच्या नावापुढं सगळे रकाने अजून कोरे आहेत. ईदला गावी जाईल तेव्हा बघून ये म्हटलंय.